पासवर्डवाल्या बाई

परभणीच्या त्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आबासाहेब, हे झालं पाटीवरचं. चालायचं मात्र प्रभावतीबाईंचं. अहो, आबासाहेब चार दिवस गावाला गेले तर कुणाला पत्ता लागत नसे. प्रभावतीबाईंनी नुसती किरकोळ रजा टाकली की दुपारपर्यंत निम्मं कॉलेज हातावर हात ठेवून बसायचं. थट्टा नाही सांगत.

कारण साधं होतं. परभणीचं मोठं कॉलेज, मानवत आणि गंगाखेडची दोन लहान कॉलेजं आणि पिंगळीची शाळा, एवढ्या सगळ्यांत शिकवणारा, शिकणारा, कारकुनी करणारा जो कोणी असेल, त्याचं नाव एकाच सर्व्हरवर होतं. संगणक उघडा, वायफाय लावा, हजेरी द्या, लायब्ररीतून पुस्तक घ्या, प्रत्येक ठिकाणाहून आधी त्या सर्व्हरला विचारणा जायची: हा माणूस आपला आहे का, पासवर्ड बरोबर आहे का? सर्व्हर हो म्हणाला तर दार उघडलं, नाही म्हणाला तर बसा बोंबलत. त्यातलं सॉफ्टवेअर फुकटचं. जगातल्या कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं आणि चालवावं. पण फुकट मिळालेली गाय काय आपणहून दूध काढून देते? संस्थेत टायपिस्ट म्हणून लागलेल्या प्रभावतीबाईंनी इंटरनेटवर वाचून वाचून ते बसवलं, पडलं तेव्हा उभं केलं आणि अडलं तेव्हा परदेशातल्या अनोळखी माणसांना मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारून सोडवलं. ही गोष्ट काही लहान नव्हे, आणि बाईही ती कुणाला विसरू देत नसत.

त्यांनी एक नियम केला होता. पासवर्ड पाच-सहा वेळा चुकला की खातं बंद. मग ते बाईच उघडणार, आणि तेही माणूस समोर आला तरच. "फोनवर नाही हं," त्या म्हणायच्या. "फोनवर कोण बोलतंय मला काय ठाऊक? या की इकडे." नियम चुकीचा नव्हता. पण खरं सांगायचं तर बाईंना माणसं यायला हवी असत. माणूस समोर बसला की बोलतो. मानवतचे सर येताना हुरडा घेऊन यायचे, पिंगळीच्या मुख्याध्यापिका सुनेची गाऱ्हाणी घेऊन यायच्या. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे आले, कुणाची बदली अडली, कुणाच्या घरी भांडी आपटली, सगळं आधी प्रभावतीबाईंच्या टेबलावर. लग्नाची पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी बाईंना. घरी काय होतं? नवरा वर्तमानपत्राच्या मागे, मुलगा हैदराबादला आणि फोनवर त्याचे तीन शब्द: हं, बरं, ठेवतो. त्या टेबलावाचून बाईंना दुसरं जगच नव्हतं, म्हटलं तरी चालेल.

लोक पासवर्ड लक्षात ठेवायचा कंटाळा करायचे. "मॅडम, तुमीच टाका की काईतरी," म्हणायचे. बाई टाकायच्या. त्यामुळे निम्म्या संस्थेचे पासवर्ड बाईंच्या डोक्यात होते. शेजारणीनं गावाला जाताना दागिन्यांचा डबा विश्वासानं ठेवून जावं, तसे लोक ते ठेवून जात. शिपाई, वॉचमन, ड्रायव्हर, कँटीनवाला आश्रुबा यांना तर त्यांनी वायफाय स्वतःच्याच नावावर लावून दिलं होतं. "दे इकडे फोन," म्हणायचं, तळहाताच्या आडोशानं आपला पासवर्ड टाकायचा आणि फोन परत द्यायचा. पासवर्ड कुणाला कळला नाही, वायफाय मात्र सगळ्यांना मिळालं. दानाचं दान, नावाचं नाव!

आणि अशा या भरल्या घरात आली ईश्वरी.

मानवतजवळच्या शेतकऱ्याची पोरगी. पुण्याला दोन-तीन वर्षं नोकरी करून आईच्या आजारपणासाठी परत आलेली, रोज एसटीनं जाऊन-येऊन करणारी. आबासाहेबांनी तिला घेतलं ते "बाईंच्या मदतीला" म्हणून. मदतीला! प्रभावतीबाईंच्या कानात तो शब्द खड्यासारखा रुतला. मदत कुणी मागितली होती?

पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती हसतमुख, कामाला वाघीण, आणि बोलायला अशी की चंद्रभान शिपाई पहिल्याच आठवड्यात तिला "आमच्या तिकडचीच हाय" म्हणू लागला. बाईंची भाषा मास्तरांच्या घरची, पुस्तकी. ईश्वरी "काका, लय ऊन हाय, बसा की" म्हणायची आणि म्हातारा चंद्रभान खरंच बसायचा. आजवर चहाचा पहिला कप बाईंच्या टेबलावर यायचा. एक दिवस तो ईश्वरीच्या टेबलावर गेला. चंद्रभानला ते टेबल दाराजवळ पडायचं, एवढंच. पण बाईंनी तो दिवसभर चहा घेतला नाही. डोकं दुखतंय म्हणाल्या.

एकदा पिंगळीच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. बाईंनी त्यांचा पासवर्ड बदलून दिला, स्वतःच टाकला, स्वतःच उघडून दाखवला. त्या गेल्यावर ईश्वरी हळूच म्हणाली, "मॅडम, तुमाला सगळ्यांचे पासवर्ड ठावं हायत?"

"लोकांचा विश्वास आहे माझ्यावर."

"तसं न्हाई म्हणत मी. पण उद्या कुणाच्या नावानं कुणी काई केलं, तर पहिलं बोट तुमच्याकडंच की. त्यापेक्षा ज्याचा त्यानं बदलावा. विसरला तर फोनवर आकडा येईल, तो टाकला की झालं. कुणाला इथवर यायचं कामच पडणार न्हाई."

कुणाला इथवर यायचं कामच पडणार नाही! ती काळजीपोटी बोलली होती हो, पण बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांनी कालची पोरगी येते आणि आपल्या टेबलासमोरची माणसं उठवायला बघते. रात्री भाकरी थापतानासुद्धा तेच वाक्य डोक्यात. नवरा म्हणाला, "तव्यावरची करपतेय." बाई म्हणाल्या, "करपू दे."

आबासाहेबांना ती कल्पना फारच पसंत पडली. मानवत-गंगाखेडच्या मास्तरांचे एसटीचे हेलपाटे वाचणार होते. त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. ईश्वरीनं पुढे उभं राहून, मोठ्या पडद्यावर, आपला पासवर्ड आपण कसा बदलायचा ते दाखवायचं ठरलं. सकाळपासून "लय हुशार पोरगी हाय" हे प्रभावतीबाईंनी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्यांचं पोट खरंच दुखायला लागलं. हेव्यानं पोट दुखतं ही नुसती म्हण नाही बरं का. दुखतं.

सगळे हॉलकडे गेले. बाई एकट्या आपल्या टेबलाशी राहिल्या. त्यांनी लॉगिनच्या चौकटीत ईश्वरीचं नाव टाकलं. पासवर्डच्या जागी मनाला येईल ते बडवलं. चूक. पुन्हा बडवलं. चूक. खातं बंद पडेपर्यंत त्या बडवत राहिल्या. आपल्याच हातानं केलेला नियम असा उपयोगी पडेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग पदर सारखा केला आणि हॉलमध्ये जाऊन मागच्या रांगेत बसल्या.

ईश्वरीनं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं: खातं बंद आहे. तिनं पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. "हिचंच उघडंना, आमचं काय उघडायलीय!" गंगाखेडचे एक सर बोलले आणि हॉल खो खो हसला. पोरगी घामाघूम झाली. बाईंनी घाई केली नाही. चांगलं मुरू दिलं. मग उठल्या, पुढे गेल्या, "बघू गं," म्हणून तिला बाजूला सारलं आणि चार बटणांत खातं उघडून दिलं. टाळ्या पडल्या! आबासाहेब म्हणाले, "शेवटी जुनं ते सोनं." बाईंच्या पोटातलं दुखणं जागच्या जागी थांबलं. ईश्वरीनं मात्र एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

फोनवरच्या आकड्याचं काम आबासाहेबांनी पुढे ढकललं. पण ईश्वरीनं एक गोष्ट मान्य करून घेतलीच: दुसऱ्याला ठाऊक असलेले पासवर्ड चालायचे नाहीत, सगळ्यांनी आपापला बदलायचा. सगळ्यांत बाईही आल्या. लोकांनी पुढच्या काही दिवसांत बदलले. बाईंनी शेवटपर्यंत टाळलं. शेवटी एका संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर दात-ओठ खात त्यांनी आपला वर्षानुवर्षांचा पासवर्ड बदलला आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला संगणकासमोर बसल्या, नवा पासवर्ड टाकला. खातं बंद आहे.

बाईंना आधी खरंच वाटेना. त्यांचं खातं! ज्यांनी सगळ्यांची उघडली त्यांचं! त्यांनी ईश्वरीकडे बघितलं. ती शांतपणे काम करत होती. फारच शांतपणे. आता तिच्याकडे जाऊन 'उघडून दे' म्हणण्यापेक्षा विहीर जवळ करावी असं बाईंना वाटलं, पण दुसरा इलाज नव्हता. सर्व्हरवर अधिकार दोघींनाच होते.

"माझं खातं बंद दिसतंय," त्या तिच्या टेबलाजवळ उभ्या राहून म्हणाल्या.

"तुमचं? बसा मॅडम, बघते." ईश्वरीनं उघडून दिलं. बाई आपल्या जागी येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा बंद. पुन्हा गेल्या. तिनं पुन्हा उघडलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा जाताना खोलीतले दोन कारकून तोंड लपवून हसताना त्यांना दिसले.

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगीच नाही. बाईंना सगळं लख्ख दिसलं. हिनं ओळखलं! हिनं सूड घेतला! वरून उघडल्याचं सोंग करते आणि खालून बंद पाडते. आपल्याला सगळ्यांसमोर तीन-तीनदा फेऱ्या मारायला लावते. बाई तिसऱ्यांदा ईश्वरीकडे गेल्या आणि तिचा दंड धरला. "चल आबासाहेबांकडे," म्हणाल्या. "आजच काय तो सोक्षमोक्ष होऊ दे."

आबासाहेब केबिनमध्ये कुणाशी तरी फोनवर ऊसतोडीचं बोलत होते. बाईंचा अवतार बघून त्यांनी फोन ठेवला.

"आबासाहेब, या मुलीनं माझं खातं बंद पाडलं. मुद्दाम. सकाळपासून माझा खेळ मांडलाय हिनं."

"आँ? खातं बंद पाडलं? ते कसं काय पाडत्यात?"

"कसं म्हणजे? माझं नाव टाकायचं आणि मुद्दाम चुकीचा पासवर्ड मारत राहायचं. पाच-सहा वेळा मारला की झालं बंद! त्याला काय अक्कल लागते? नुसता हेवा लागतो."

आबासाहेब खुर्चीत सरळ झाले. राजकारणात मुरलेला माणूस. त्यांनी बाईंकडे बघितलं, ईश्वरीकडे बघितलं आणि मिशीवरून बोट फिरवलं. "असं दुसऱ्याचं बंद करता येतंय होय? आमाला ठावंच न्हवतं. आमाला काय, कुणालाच ठावं नसंल." मग जरा थांबून म्हणाले, "मंग बाई, त्या दिशी हॉलमधी या पोरीचं बंद पडलं, ते कसं?"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच तोंडानं आपण काय सांगून बसलो ते त्यांना आता कळलं. ईश्वरी जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात चंद्रभान चहाचा ट्रे घेऊन आत आला. त्याला कसली कल्पना! "मॅडम," तो बाईंना म्हणाला, "तुमचं वायफाय सकाळधरनं चालंना बगा. नुसतं फिरायलंय. आश्रुबाचं बी तसंच, वॉचमनचं बी."

ईश्वरीनं मान वर केली. "काका, तुमच्या फोनमधी मॅडमचा पासवर्ड हाय?"

"मंग? मॅडमनीच टाकून दिलता. आमच्या समद्यांच्याच हाय की. आबासाहेब, तुमच्या ड्रायव्हरच्या बी."

"मॅडम, तुमी काल बदलला का?" ईश्वरीनं विचारलं. बाईंनी कशीबशी मान हलवली. "मग झालं तर! सर, कुणी काई केलं न्हाई. मॅडमनी पासवर्ड बदलला, पण ह्यांच्या फोनांत जुनाच राहिला. सकाळी समदे कामावर आले आन् एवढे फोन जुना पासवर्ड घेऊन एकसारखे धडका मारायलेत. सर्व्हरला वाटतं, मॅडमच चुकायल्या. मी उघडते तोवर पुन्हा बंद."

आबासाहेब एवढे हसले की ट्रेमधले कप वाजले. "म्हणजे बाई, तुमच्याच लाडक्यांनी तुमाला कोंडलं!" पण हसता हसता त्यांचे डोळे पुन्हा बारीक झाले. "आन् तुजं, पोरी? त्या दिशी हॉलमधी?"

ईश्वरीनं ट्रेमधले हिंदकळलेले कप सरळ केले. "माजं बी तसंच झालं आसंल, सर. माज्या फोनमधी जुना पासवर्ड राहिला होता."

प्रभावतीबाईंनी झटकन तिच्याकडे बघितलं. खोटं होतं ते. साफ खोटं. त्यांच्याएवढं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आणि पोरीच्या तोंडावरून दिसत होतं की तिलाही ठाऊक होतं.

"बरं बरं," आबासाहेब म्हणाले. "फोनंच भांडायलेत म्हणा की, तुमी न्हाई. जावा, कामाला लागा." त्यांनी चहा उचलला.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर बाईंनी तिला खांबाजवळ थांबवलं.

"खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू, मॅडम?"

"तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. दुसरं कोण हाय इथं ज्याला हे जमतंय?" ईश्वरी खांबाचा रंग नखानं खरवडत म्हणाली. "एसटीत लय रडले. दुसऱ्या दिवशी तुमचं नाव टाकून बसले बी होते. म्हणलं, बघू दे मॅडमला बी कसं वाटतंय ते. एकदा मारला, दोनदा मारला. तेवढ्यात तुमी डबा खायला हाक मारली."

"मग?"

"मग काय? उठले, जेवायला आले. तुमची शेंगाची चटणी खाल्ली. नंतर काई करू वाटलं न्हाई."

ती हाक प्रभावतीबाईंना आठवली. मायेची नव्हतीच ती. आदल्या दिवशी हॉलमध्ये जिंकल्याची गुर्मी अंगात होती, त्या गुर्मीत हरलेल्या पोरीपुढे त्यांनी चटणी सरकवली होती. आणि या बयेनं ती माया म्हणून खाल्ली! हात उगारला होता तो परत घेतला, आणि आज वर खोटं बोलून वाचवलंही.

आता एखादीला भरून आलं असतं. एखादीनं पोरीला जवळ घेतलं असतं. प्रभावतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं खरं, पण ते जळफळाटाचं होतं. हुशारी हिची. वय हिचं. चंद्रभानचा पहिला चहा हिचा. निदान मोठ्या मनाची तरी मीच असेन, एवढं एक उरलं होतं, तेही आज हिनंच न्यावं? आपल्याला जे आवरलं नाही ते हिला एका चटणीवर आवरलं. आणि आता रोज सकाळी हिचं तोंड बघायचं, ही गोड हसणार, कुणालाच काही सांगणार नाही, आणि आपण रिटायर होईपर्यंत हिच्या उपकाराखाली दबून राहायचं. नाही. मेले तरी नाही.

"मॅडम, चला, सगळ्यांच्या फोनमधून तुमचा पासवर्ड काढून टाकू," ईश्वरी म्हणाली. "मग राहील तुमचं उघडं."

"थांब जरा," बाई म्हणाल्या, आणि उलट्या वळल्या.

आत काय होणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. सर्व्हरवरचे अधिकार आजच जातील. टेबल राहील, पण त्याच्यासमोर बसायला कुणाला कारण राहणार नाही. हुरडा नाही, पत्रिका नाही, कुणाच्या सुनेचं गाऱ्हाणं नाही. तरी त्यांनी केबिनचं दार सताड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"आबासाहेब, ही मुलगी खोटं बोलली. तिच्या फोनमुळे काही झालं नव्हतं. तिचं खातं मी बंद पाडलं. माझ्या हातानं, माझ्या टेबलावरून, तिची फजिती व्हावी म्हणून."

आबासाहेबांनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. "बाई, हळू बोला जरा. बाहेर ऐकू जायलंय."

"जाऊ द्या," प्रभावतीबाई आणखी मोठ्यानं म्हणाल्या, आणि ईश्वरीला नीट ऐकू गेलं की नाही ते मान वळवून बघितलं.